कपाटातले ४३ चष्मे : सेवा क्लबच्या कामाबद्दल थोडं विचारायचं आहे

ओंजळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या भागातल्या एका सेवा क्लबची (रोटरी, लायन्स असतात तशातला) मी सात वर्षांपासून सभासद आहे. या १ जुलैपासून सचिवपद माझ्याकडे आलंय. आधीच्या सचिवांकडून दफ्तर ताब्यात घेतलं : इतिवृत्ताच्या वह्या, शिक्के, पावतीपुस्तकं, गुंडाळलेले बॅनर आणि एका कपाटाची किल्ली. कपाटाच्या खालच्या खणात एक खोकं होतं, वर गेल्या वर्षीच्या नेत्रतपासणी शिबिराची तारीख. उघडलं तर आत चष्मे. प्रत्येक चष्मा आपापल्या डबीत, डबीला रबरबँड आणि त्याखाली चिठ्ठी : नाव, वय, नंबर, फोन. मोजले, ४३ भरले.

ते शिबिर मला चांगलं आठवतं. मी नोंदणीच्या टेबलावर होते. रविवार असल्याने सकाळी आठपासून रांग लागली होती. दोनशेच्या वर लोकांची तपासणी झाली, ज्यांना चष्मा लागणार होता त्यांची मापं घेतली. चष्मे तयार होऊन आले तेव्हा वाटपाचा कार्यक्रम ठेवला मंगळवारी सकाळी अकरा वाजता, कारण प्रमुख पाहुण्यांना तीच वेळ जमत होती. आता रोजावर काम करणारा माणूस मंगळवारी अकरा वाजता कसा येणार? जे आले नाहीत त्यांचे चष्मे खोक्यात गेले. "फोन करून बोलावून घेऊ" असं ठरलं, आणि आठ दिवसांत पुढचा उपक्रम दारात उभा राहिला. वार्षिक अहवालात मात्र सगळेच्या सगळे लाभार्थी म्हणून धरले गेले. तो अहवाल सभेत मीच वाचून दाखवला होता, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

गेले तीन आठवडे संध्याकाळी कामावरून सुटले की खोक्यातल्या दोन-तीन डब्या पिशवीत टाकते आणि पत्ते शोधत जाते. बरेच फोन नंबर शेजाऱ्यांचे निघाले, काही बंद पडलेत. शिवणकाम करणारे एक गृहस्थ सापडले. त्यांनी डबी उघडली, चष्मा उजेडाकडे धरला आणि आधी काडीचा ढिला स्क्रू कात्रीच्या टोकाने आवळला. मगच डोळ्यांना लावला. "मला वाटलं माझं नाव राहून गेलं असेल," म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता हो त्यात. आपलं नाव राहून जाणं त्यांना अगदी साहजिक वाटत होतं, आणि तेच मला फार लागलं.

दुसऱ्या एका घरी आजोबा राहिलेच नव्हते. त्यांच्या सुनेने चिठ्ठीवरचं नाव वाचलं, डबी बंद केली आणि "ठेवून घेते" एवढंच म्हणाली.

तर विचारायचंय ते हे. गेल्या वर्षी आमच्या क्लबने २२ उपक्रम केले. वृक्षारोपण, रक्तदान, दप्तरवाटप, मधुमेह तपासणी, ब्लँकेटवाटप, सगळं मनापासून केलेलं. पण शिबिर संपल्यावर त्या माणसांचं पुढे काय झालं, हे आमच्याकडे कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी अशा क्लबांमध्ये, मंडळांमध्ये काम करतं का? पाठपुरावा तुम्ही कसा करता? उपक्रम कमी करा म्हटलं की सभासद नाराज होतात, त्यांना काय सांगायचं?

निळीशाई
ओंजळताई, आधी एक तातडीचं सांगते. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढते. हे चष्मे जवळजवळ वर्षभर जुने आहेत, तेव्हा नुसते हातात देऊन येऊ नका. चाळिशीनंतर जवळचं वाचायचा नंबर साठीपर्यंत हळूहळू वाढत जातो, त्यामुळे काहींना आता हा चष्मा कमी पडेल. ज्यांना मधुमेह आहे त्यांचा नंबर तर साखर वरखाली झाली तरी बदलतो. एखादं छापील पान सोबत न्या, हातभर अंतरावर धरून वाचायला सांगा. अक्षर पुसट दिसतंय, डोकं जड होतंय किंवा जमीन वर आल्यासारखी वाटतेय असं कुणी म्हणालं तर चष्मा परत घ्या आणि पुन्हा तपासणीला पाठवा. त्रास होणारा चष्मा माणूस दोन दिवस लावतो आणि ठेवून देतो. म्हणजे तुमच्या कपाटातून निघून तो त्यांच्या कपाटात जातो, एवढंच.

आणि ज्यांना शिबिरात "मोतीबिंदू आहे, मोठ्या रुग्णालयात दाखवा" असं सांगितलं होतं त्यांची यादी आहे का तुमच्याकडे? चष्म्यापेक्षा त्यांची काळजी मला जास्त वाटते.

ओंजळ
निळीशाई, खूप आभार. छापील पानाचं लक्षातच आलं नव्हतं, उद्यापासून नेते. मोतीबिंदूच्या यादीबद्दल विचारलंत आणि पोटात गोळाच आला. नोंदवहीत १९ नावांपुढे तसा शेरा आहे. त्यापुढे काही नाही.

जुना_सभासद
मी १९८२ पासून अशाच एका क्लबात आहे, म्हणून चार गोष्टी जुन्या सांगाव्याशा वाटतात.

हे क्लब मुळात दानधर्मासाठी निघालेच नव्हते. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत आणखी तिघांना घेऊन पहिली बैठक भरवली ती ओळखीपाळखीसाठी. मोठ्या शहरात माणूस एकटा पडतो, वेगवेगळ्या व्यवसायातल्यांनी एकमेकांना धरून राहावं, एवढाच हेतू. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत फिरायची, म्हणून नाव पडलं रोटरी. त्या मंडळींनी पहिलं लोकोपयोगी काम हातात घेतलं ते १९०७ मध्ये, आणि ते होतं सार्वजनिक स्वच्छतागृहांचं. त्यासाठी नगरपालिकेच्या मागे लागावं लागलं. एका दिवसात होणारं ते काम नव्हतं, आणि झाल्यावर सभासदांवाचून चालणारं होतं. आपण एवढंच ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

लायन्सची गोष्टही तशीच आहे. मेल्विन जोन्स विमा व्यवसायातले. १९१७ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या व्यापारी मंडळांना एकत्र आणलं. १९२५ मध्ये ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या अधिवेशनात हेलन केलर आल्या आणि त्यांनी लायन्सना अंधत्वाविरुद्ध लढायची साद घातली. त्या एका भाषणाला शंभरेक वर्षं झाली, लायन्स अजून डोळ्यांच्या कामाला धरून आहेत. पांढरी काठी लोकांच्या ओळखीची झाली त्यातही १९३० च्या सुमाराला लायन्स क्लबांनी पुढाकार घेतला होता. एक काम धरलं, सोडलं नाही.

आमच्याकडे काय होतं, अध्यक्ष दरवर्षी १ जुलैला बदलतो. नव्या अध्यक्षाला स्वतःचं काही करून दाखवायचं असतं, त्यामुळे आधीच्याचं काम तिथेच थांबतं. मी स्वतः अध्यक्ष होतो तेव्हा हेच केलं. आधीच्या वर्षी लावलेल्या झाडांना पाणी घालायची व्यवस्था बंद करून मी वाचनालय काढलं. वाचनालयाचं नाव झालं, झाडं मात्र गेली.

ताई, आणखी एक. मी आलो तेव्हा बायकांना सभासद होता येत नव्हतं. १९८७ मध्ये लायन्सने नियम बदलला. रोटरीविरुद्धचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, निकाल १९८७ मध्येच लागला आणि १९८९ मध्ये त्यांनीही जगभर दार उघडलं. कपाट उघडून डब्या मोजणारी सचिव आम्हाला त्याआधी मिळालीच नसती, हे मनापासून लिहितोय.

रानवाट
मी दोन वर्षांत क्लब सोडला. कारण सरळ लिहितो. दप्तरवाटपाला मुलांना भर उन्हात दीड तास बसवून ठेवलं होतं, पाहुणे यायचे होते म्हणून. नंतर प्रत्येक दप्तर पाच-पाच जणांनी धरून फोटो. एक लहानसा मुलगा दप्तर घेऊन निघाला तर त्याला परत बोलावलं, फोटो हलला होता. त्या मुलाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. घ्यायला आलेल्या माणसाचा मान राहत नसेल तर देऊ नये असं माझं मत आहे. कुणाला कडू लागलं तर क्षमस्व.

पाटीपेन्सिल
रानवाट, तुमच्याशी सहमत, आणि मी त्या पलीकडच्या बाजूला उभी असते. शिक्षिका आहे. आमच्या शाळेला एका वर्षात तीन संस्थांनी दप्तरं दिली. तिन्ही चांगली होती. पण मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. मुली दोघी-दोघी जायच्या, एक आत आणि एक बाहेर दार धरून. मोठ्या मुली पाणीच पीत नसत, म्हणजे जावं लागू नये. हे आम्हाला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. चौथी संस्था आली तेव्हा त्यांच्यातल्या एक बाई कार्यक्रमाआधी पंधरा दिवस शाळेत येऊन माझ्याशी बोलल्या, मुलींशी वेगळं बोलल्या, आणि मग सुतार घेऊन आल्या. कडी लागली, खिळे लागले, एका संध्याकाळचं काम. त्याचा फोटो काय काढणार?

ओंजळताई, उपक्रम ठरवायच्या आधी एक माणूस तिथे पाठवा, ज्याला नुसतं ऐकायचंय. एवढं केलं तरी फरक पडतो.

मुलांचे फोटो घ्यायचेच असतील तर पालकांची लेखी संमती घ्या आणि फोटोखाली नाव-शाळा लिहू नका. कुणीही स्वयंसेवक मुलांबरोबर एकटा राहू नये, कायम दोघं हवेत. माणूस कितीही ओळखीचा असला तरी हा नियम त्यालाही लागू.

पिशवी_क्रमांक
रक्तपेढीत नोकरी करते. रक्तदान शिबिरांबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त उत्साह तिथे असतो आणि सगळ्यात कमी नियोजनही.

एका पिशवीतून आम्ही तीन घटक वेगळे करतो. प्लाझ्मा गोठवला की वर्षभर टिकतो. तांबड्या पेशी थंड ठेवून, पिशवीत कुठलं द्रावण आहे त्यावर ३५ ते ४२ दिवस. प्लेटलेट्स फक्त ५ दिवस, त्याही साध्या खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या ठेवून. आता कल्पना करा, ठरावीक एका दिवशी पाच क्लबांनी शिबिरं घेतली. सगळ्यांना जास्तीत जास्त पिशव्या हव्यात, कारण अहवालात आकडा लिहायचाय. त्या आठवड्यात आमच्याकडे ठेवायला जागा नसते. दोन महिन्यांनी लांब सुट्ट्या लागतात, नेहमीचे रक्तदाते बाहेर जातात आणि तेव्हा आम्ही फोन करत बसतो. त्या दिवसांत नातेवाइकांची धावपळ बघवत नाही.

म्हणून क्लबांना माझं कळकळीचं सांगणं : तारीख तुम्ही ठरवू नका, रक्तपेढीला विचारा. शंभर पिशव्यांचं एक शिबिर घेण्यापेक्षा पंचवीस-पंचवीसची चार घ्या, तीन-तीन महिन्यांच्या अंतराने. आणि फोन केला की येतील अशा रक्तदात्यांची यादी गटानुसार तयार ठेवा. अशी यादी सांभाळणारा एक सभासद आम्हाला दहा बॅनरांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

अजून एक गोष्ट मनात आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणून ज्यांना आम्ही परत पाठवतो त्यात बायका फार असतात. "तुमचं चालणार नाही" असं टेबलावर सांगितलं जातं आणि त्या ओशाळून निघून जातात. खरं तर त्या क्षणी एका बाईला कळलेलं असतं की तिच्या अंगात रक्त कमी आहे. तिला पुढे कुणी डॉक्टरकडे नेलं का? तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं का? शिबिराच्या आकड्यात ती कुठेच येत नाही. माझ्या मते शिबिराचं निम्मं काम तिच्यापासून सुरू होतं.

ओंजळ
पिशवी_क्रमांक, तुम्ही लिहिलेल्या शेवटच्या परिच्छेदावर मी कितीतरी वेळ थांबले. आमच्या गेल्या दोन्ही शिबिरांत परत पाठवलेल्यांची नावंच लिहून घेतलेली नाहीत.

खडूची_खूण
धागा वाचून राहवलं नाही. मी पल्स पोलिओच्या कामात बरीच वर्षं स्वयंसेवक होतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. रोटरीने जगातल्या सगळ्या मुलांना पोलिओची लस द्यायचा संकल्प १९८५ मध्ये केला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरे एकत्र येऊन जागतिक मोहीम सुरू झाली. त्या वर्षी जगात अंदाजे साडेतीन लाख मुलांना पोलिओ झाला होता. आज ते प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटलंय. भारतातला वन्य (म्हणजे लशीतला नव्हे, नैसर्गिक) विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

हे साधलं कसं, ते तुमच्या कपाटाशी जोडलेलं आहे. रविवारी बूथ असायचा. गर्दी व्हायची, गाडी फिरायची, कर्णा वाजायचा. बाटलीवरचं लेबल तपासायचं : गोलाच्या आत एक चौकोन असतो, तो गोलाइतका गडद झाला की बाटली बाजूला काढायची, लस उष्णतेने गेली असं समजायचं. थेंब पाजले की डाव्या करंगळीच्या नखावर शाई. हा झाला एक दिवस. खरं काम सोमवारपासून. घरोघर जायचं. सगळ्या मुलांना लस मिळालेली असली तर दारावर खडूने 'पी' लिहायचा. एखादं मूल राहिलं असेल, आजारी असेल, बाहेरगावी असेल, घराला कुलूप असेल, आईबाप नको म्हणत असतील, तर 'एक्स'. आणि एक्सच्या घरी परत जायचं. एक्सचा पी होईपर्यंत जायचं.

माझ्या वाट्याला एक घर होतं. तिथले आजोबा दार उघडत नसत. पहिल्यांदा गेलो, दार लागलं. दुसऱ्यांदा त्यांच्याच वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला घेऊन गेलो, ते आजोबांशी अर्धा तास दुसऱ्याच विषयावर बोलले. तिसऱ्यांदा आजोबांनी नातवाला स्वतः उचलून आणलं. मी दारावरचा एक्स ओल्या फडक्याने पुसला आणि पी लिहिला. बूथवर किती मुलांना पाजलं याचा आकडा मला आठवत नाही, ते दार आठवतं.

बूथवर आलेल्या मुलांच्या आकड्यावरच मोहीम थांबली असती तर पोलिओ कधीच गेला नसता. राहिलेली मुलं हाच तिथे खरा आकडा होता. ओंजळताई, तुमचं खोकं म्हणजे एक्सची ४३ घरं आहेत. मोतीबिंदूचे १९ शेरेही. तुम्ही ती मोजलीत, म्हणजे कामाला सुरुवात झालीच आहे.

सुईदोरा
खडूची_खूण, वाचून अंगावर काटा आला. आमच्या वाड्यावर लहानपणी ती पी-एक्सची अक्षरं पाहिली होती, अर्थ आज कळला.

मधली_फळी
मी कुठल्या पदावर नाही, पण स्वयंसेवकांच्या नेमणुका बघतो. ओंजळताई विचारतात सभासदांना काय सांगायचं. माझा अनुभव असा की सभासद आळशी नसतात, त्यांना नेमकं काम सांगितलेलं नसतं. "सगळ्यांनी या, मदत करा" म्हटलं की चाळीस जण येतात आणि त्यातले तिघं राबतात. दरवेळी तेच तिघं. वर्षभरात ते दमतात आणि एक दिवस यायचे बंद होतात, आणि आपण म्हणतो हल्ली कुणाला वेळच नाही.

तेव्हा काम मोजून द्या. "शनिवारी १० ते १२, या सहा घरी जायचं, तुम्ही आणि अमुक." दोन तासांचं काम दोनच तासांत संपू द्या. गेल्यावर काय पाहिलं ते परत आल्यावर विचारा, मन लावून ऐका. माणूस पुढच्या वेळी येतो तो यासाठी. ज्याला घरी जाऊन बोलायला अवघडतं त्याला फोनवर बसवा, ज्याला फोनही नको वाटतो तो याद्या नीट लावील. कॉलेजातल्या मुलांना हाताशी धरा. लायन्सचे लिओ क्लब १९५७ पासून आहेत, रोटरीचे रोटरॅक्ट १९६८ पासून, ते काही पोस्टर लावायला काढलेले नव्हते. पोरांना जबाबदारी दिली की ती निभावतात.

शांतदीप
एक छोटी भर. नेत्रदानाचे फॉर्म भरून घ्यायचा उपक्रम बरेच क्लब करतात. फॉर्म भरलेला असो-नसो, ऐन वेळी फोन घरच्यांनाच करावा लागतो, तोही लवकर. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत बुबुळ काढावं लागतं. तोवर पापण्या मिटवायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वय झालं होतं, म्हणून नाही म्हणायचं कारण नाही, डॉक्टर बघून ठरवतात.

माझे वडील गेले तेव्हा फॉर्म पाकिटात होता आणि आम्हाला तो चौथ्या दिवशी सापडला. क्लबने फॉर्म घेतला तेव्हा घरच्या एकाला तरी समोर बसवून हे सांगितलं असतं तर त्यांची इच्छा पुरी झाली असती. म्हणून सांगते, फॉर्म एकट्याचा भरून घेऊ नका.

रानवाट
शांतदीप, वाचून वाईट वाटलं. हे आता आमच्या घरात मी आजच बोलतो.

ओंजळ
मंडळी, उत्तर द्यायला दोन आठवडे लागले. काल कार्यकारिणीची सभा झाली, सगळं जसं झालं तसं सांगते.

आधी खोक्याचं. ४३ पैकी ३१ चष्मे पोहोचले. ४ जण हयात नाहीत. दोघांनी छापील पान लांब धरून पाहिलं आणि मान हलवली, त्यांना निळीशाईंनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा तपासणीला नेलं, नवे चष्मे येतील. ६ जणांचा पत्ता अजून लागलेला नाही.

मोतीबिंदूच्या १९ जणांपैकी १४ जणांशी बोलणं झालं. सहा जणांनी आपलं आपण ऑपरेशन करून घेतलं होतं. उरलेल्या आठ जणांना रुग्णालयात जायची भीती किंवा सोबत न्यायला कुणी नाही, यापैकी एक कारण आहे. पैशांची अडचण एकानेही सांगितली नाही, याचं मला नवल वाटलं, कारण आम्ही सभेत बोलत होतो ते सगळं निधीबद्दलच. सोबत जायला माणूस हवाय. तर त्या आठ जणांना आठ सभासद वाटून दिलेत, मधली_फळी यांच्या पद्धतीने, नाव आणि तारखेसकट. ऑपरेशननंतरच्या तपासण्यांनाही तोच सभासद सोबत जाईल.

सभेत सगळंच सरळ पार पडलं नाही. उपक्रम २२ वरून ४ वर आणावेत असा माझा ठराव होता, तो पडला. अध्यक्षांचं म्हणणं, छोटे उपक्रम बंद केले तर नवे लोक जोडले जाणार कसे, कुणी पहिल्याच दिवशी वर्षभराच्या कामाला हात घालत नाही. विचार केल्यावर मला ते पटलं. मी स्वतः क्लबात आले ती एका रविवारच्या वृक्षारोपणातूनच. शेवटी असं ठरलं : नेत्रतपासणी आणि रक्तदान ही दोन कामं वर्षभराची, पुढच्या अध्यक्षांनाही ती चालू ठेवावी लागतील असा ठराव इतिवृत्तात नोंदवला. बाकीचे उपक्रम ज्याला हौस असेल त्याने करावेत, पण पाटीपेन्सिल म्हणतात तसं आधी एकाने जाऊन ऐकून यायचं. रक्तदानाची पुढची तारीख रक्तपेढीने दिली आहे, आम्ही ठरवली नाही. परत पाठवलेल्यांसाठी वेगळी वही घातली.

सगळ्यात जास्त वेळ गेला अहवालावर. "तपासले" आणि "हातात पोहोचलं" असे दोन आकडे वेगळे लिहायचे, हे मी मांडलं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की त्यामुळे आपला क्लब इतरांपेक्षा कमी दिसेल. त्यावर खजिनदार, जे सभेत सहसा बोलत नाहीत, म्हणाले : "चष्म्यांसाठी ज्यांनी देणगी दिली त्यांना आपण पावती दिली. ती पावती चष्मा दिल्याची होती." पुढे कुणी काही बोललं नाही. ठराव मंजूर झाला. गेल्या वर्षीच्या अहवालाची दुरुस्तीही पाठवतोय, माझ्या सहीने.

जुना_सभासद
खजिनदारांना माझा नमस्कार सांगा. आणि दुरुस्ती पाठवताय हे फार मोठं काम आहे, आम्हाला इतक्या वर्षांत ते सुचलं नाही.

निळीशाई
आठ जणांना सोबत देताय हे वाचून खूप बरं वाटलं. ऑपरेशननंतरचे थेंब काही आठवडे चालू ठेवावे लागतात आणि वेळा बदलत जातात. डोळा स्वच्छ दिसायला लागला की माणसं थेंब बंद करतात. सोबत्याने घरातल्या कुणाला तरी वेळापत्रक समजावून द्यावं, मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावावं.

खडूची_खूण
ओंजळताई, नवी नोंदवही कशी आखलीत? आमच्या इथेही करायचा विचार आहे.

ओंजळ
साधीच आहे. नाव, वय, राहण्याची खूण (नुसता पत्ता नाही, कारण पत्त्याने घर सापडत नाही, "पिंपळाच्या पाराशेजारी निळं दार" याने सापडतं). मग फोन, आणि त्यापुढे "फोन कोणाचा" हा वेगळा रकाना, कारण शेजाऱ्याचा असेल तर शेजाऱ्याचं नावही हवं. "तुम्हाला कधी यायला जमेल" हा रकाना, तो भरल्यावरच वाटपाची वेळ ठरवायची. पुढचं वाटप संध्याकाळी सातनंतर आहे, पाहुण्यांना तसं कळवलंय आणि ते यायला तयार आहेत.

शेवटच्या रकान्यात नावं लिहितानाच सगळ्यांपुढे एक्स घालून ठेवलाय. वस्तू हातात पडली, लावून पाहिली, चालतेय म्हणाले, की एक्स खोडून पी लिहायचा. जुन्या खोक्याचं पान सगळ्यात आधी लावलंय. त्यावर अजून आठ एक्स आहेत : सहा न सापडलेले आणि दोन नव्या चष्म्याची वाट पाहणारे. उद्या त्यातल्या दोघांच्या जुन्या कामाच्या ठिकाणी चौकशीला जाणार आहे, रानवाट सोबत येतोय.